मेब्रीचं स्वतःचं

लेथन मेब्रीने उभी हयात मोटारीच्या कारखान्यात दारं तपासण्यात घालवली. दार नीट बसलं नसेल तर गाडी पुढे सोडायची नाही, मग फोरमन कितीही कोकलो. असा माणूस निवृत्तीनंतर सॅक्सोफोन शिकायला निघाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

डेट्रॉइटच्या पश्चिम भागातल्या एका लाऊंजमध्ये दर रविवारी संध्याकाळी मी कीबोर्डवर असते. ज्याला वाजवायचंय त्याने यावं, आमच्याबरोबर गाणं धरावं आणि आपली पाळी आली की त्या वेळी मनात येईल ते, स्वतःचं, वाजवावं. मेब्री आला तो चॉकलेटी सूट घालून, बायकोला पुढच्या टेबलाशी बसवून. पाळी आल्यावर त्याने रेडिओवर तेव्हा दिवसभर लागणारा एक तुकडा जसाच्या तसा वाजवला. एक सूर इकडचा तिकडे नाही. लोक तो ओळखून त्याच्याबरोबर गुणगुणायला लागले. मेब्रीला वाटलं, आपण मैदान मारलं.

"मेब्री," मी म्हटलं, "दुसऱ्याचे कपडे घालून आलास. बसलेत छान. तुझे कुठे आहेत?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने त्याची बायको डेलोरिस. "घरीसुद्धा हेच चालू असतं गं, व्हर्निटा. माझ्यासाठी स्वतःचं जरासं वाजव म्हटलं की याला खोकला येतो."

"वाजवीन की," तो म्हणाला. "जरा दम धर."

मग तो माझ्याकडे शिकायला यायला लागला. मी त्याला तीनच सूर दिले. म्हटलं, यातच बोल, आणि बोलणं संपलं की गप्प बस. आमच्या या संथ, मऊ वाजवण्यात धावणं सोपं असतं, थांबायला छाती लागते. मेब्री धावायचा. महिनोन्‌महिने मी त्याच्यावर खेकसले. आणि एका दुपारी त्याने खालच्या सुरात, थोडं घोगरं, घाई न करता असं काही वाजवलं की माझे हात पट्ट्यांवरच राहिले. बायकोशी बोलताना त्याचा आवाज खाली येतो ना, अगदी तसं होतं ते.

"आज घरी जा आणि तिला ऐकव," मी म्हटलं.

"अजून पक्कं नाही झालं."

"ते पक्कं व्हायचं नसतंच, शहाण्या. उद्या ते वेगळं होणार."

"अर्धवट दार मी कधी पुढे सोडलं नाही, मिस व्हर्निटा."

स्वतःचं वाजवायचं असलं की तो गॅरेजमध्ये जायचा आणि गाडीत बसून काचा वर करायचा. तिच्या कानावर कच्चं काही पडायला नको. स्वयंपाकघरात मात्र तोच रेडिओवरचा तुकडा.

त्या हिवाळ्यात डेलोरिसच्या पोटात कॅन्सर निघाला. उपचार चालू असतानाही ती एकदा माझ्यासाठी पीच घालून भाजलेला गोड कॉब्लर घेऊन आली. भांडं ठेवता ठेवता म्हणाली, "तुझ्याकडे म्हणे बरं वाजवतो. मला काय मेल्यावर ऐकवणारे?" ती हसली. मला काही हसू आलं नाही. मी मेब्रीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणे, तिच्या वाढदिवसाला नक्की. वाढदिवस सप्टेंबरात होता. दुखणं कुणाच्या वाढदिवसाची वाट बघत नाही.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा कुठे तो तयार झाला. मी छोटा कीबोर्ड काखेत मारून दवाखान्यात गेले. चर्चमधल्या बायका तिच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला जागा करून दिली. मी हळूच सूर धरला आणि मेब्री वाजवायला लागला. त्याचं स्वतःचं. माझा जन्म यात गेला, पण असं मी फार कमी ऐकलंय. त्या बायकांपैकी एक हळूच म्हणाली, "बोल, ब्रदर, बोल."

डेलोरिसने डोळे उघडले. औषधांनी तिची जीभ जड झाली होती.

"व्हर्निटा, तो रेडिओ बंद कर गं."

मेब्री थांबला.

"चांगला वाजवतोय तो माणूस," ती म्हणाली. "पण बंद कर. माझा लेथन येणारे. माझ्यासाठी वाजवणारे तो आज."

"डेलोरिस, अगं मीच आहे," मेब्री तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि दाराकडेच पाहत राहिली.

मला त्याचा इतका राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. मग त्याने सॅक्सोफोन पुन्हा तोंडाला लावला आणि रेडिओवरचा तो तुकडा सुरू केला, जसाच्या तसा, एक सूर इकडचा तिकडे नाही.

चादरीवरची तिची बोटं हलायला लागली.

"आला," ती म्हणाली. "आला बघ माझा लेथन."

तो वाजवत राहिला. मी मागून सूर धरून होते आणि रडत होते.