मोरीपुढचा रस्ता

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कॅम्पमध्ये माझ्या रूममेटने किट बॅगेला काळी बाहुली बांधली होती, ती मी कात्रीने कापून डस्टबिनमध्ये टाकली. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. असल्या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा… फक्त पूर्ण वाचून हसा.

मी कबड्डी खेळते. डावा कोपरा. आशियाई स्पर्धेसाठी देशाच्या महिला संघाचा सराव कॅम्प लागलाय, त्यात मी आहे. कॅम्पमध्ये आम्ही तिसेक जणी, विमानात बसणार बारा. मे महिन्यात आम्हाला तीन दिवसांची सुट्टी दिली. निघताना कोच मॅडमनी प्रत्येकीला बजावलं, "मंडे सुबह आठ बजे ग्राउंड पे. नहीं दिखी, तो तेरी जगह दूसरी लड़की." मॅडम धमक्या देत नाहीत. जे बोलतात ते करतात.

माझं घर पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वर डोंगराला चिकटलेल्या तीस-पस्तीस घरांच्या वाडीत. वाडीतून खाली यायला एकच रस्ता. आधी आमचं मैदान, मग उतार, मग ओढ्यावरची मोरी — म्हणजे छोटा पूल — मग वळण, वळणापुढे शाळा आणि मग कापड्याचा नाका. मध्ये कुठेही फाटा नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'रस्ता चुकला असेल' हे पहिलं तुमच्याच तोंडून येणार.

मैदान म्हणजे तरी काय, नानांचं भाताचं खाचर. नाना माझे चुलते. वाडीतल्या आम्हा सगळ्या पोरींना कबड्डी त्यांनीच शिकवली. कापणी झाली की खाचर चोपून सपाट करायचं, राखेने रेषा आखायच्या, झालं मैदान. नानांचा एक नियम होता, आणि तो आजूबाजूच्या कुठल्याच गावात नव्हता. खेळ संपला की जी कोणी बाद होऊन बाहेर बसली असेल तिला हाताला धरून आत आणायचं, 'ऊठ' म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून रेषेबाहेर पडायचं. याला आम्ही उठवणी म्हणायचो. अगदी चिल्ल्यापिल्ल्यांचा खेळ असला तरी उठवणी झाल्याशिवाय नाना कुणाला घरी जाऊ देत नसत. विचारलं तर म्हणायचे, "मातीत खेळायचा तर मातीत कोणाला ठेवून जायचा नाय." लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

रविवारी सकाळी वाडीतल्या पोरी हटून बसल्या. ताई, एक डाव तरी खेळ. कॅम्पबाहेर खेळायला आम्हाला सक्त मनाई आहे, गुडघा दुखावला तर वर्षाची मेहनत पाण्यात. पण पोरींचे चेहरे बघून मी उतरले. जपून खेळत होते, त्यामुळे पाचव्या मिनिटाला बादही झाले. रेषेबाहेर बसले तोच इक्बालभाईंच्या जीपचा हॉर्न वाजला.

इक्बालभाई महाडचे. कापडे ते पोलादपूर अशी त्यांची प्रवासी जीप असते, रविवारी वाडीपर्यंत वर येते. अकरा वाजले होते. रात्री मुंबईहून कॅम्पला परतायचं माझं विमान. हायवेचं ट्रॅफिक धरलं तर पोलादपूरहून दोनच्या आत निघायलाच हवं होतं. मी बॅग उचलली. नाना मैदानातून ओरडले, "अगो, उठवू तर दे तुला! एक मिनिट लागेल."

"राहू दे हो नाना तुमचं!" मी म्हटलं. "विमान तुमच्या उठवणीसाठी थांबणार आहे का?"

असं फाडकन बोलायची माझी खोडच आहे. नानांचं तोंड एवढंसं झालं. आईने हातात दही-साखर दिली आणि मी जीपमध्ये बसले.

उतार गेला. मोरी गेली. वळण घेतलं… आणि समोर शाळेच्या जागी आमचं मैदान. पोरी खेळतायत, नाना कमरेवर हात ठेवून उभे. जीप वरच्या बाजूने, वाडीतून उतरत होती!

इक्बालभाईंनी करकचून ब्रेक मारला. मागे बाजाराला निघालेल्या दोन बायका होत्या, त्यातली एक फिदीफिदी हसली. "भाई, सकाळी सकाळी काय घेतलाव?"

"तोबा तोबा," इक्बालभाई म्हणाले. "मी तर सरळ चाललेलो."

परत निघालो. या वेळी मी डोळे फाडून बघत होते. मोरीचा कठडा बघितला, वळणावरचं करवंदीचं झुडूप बघितलं, झुडपामागे शाळेचं छप्पर दिसायला हवं म्हणून मान लांब केली… आणि नानांचं खाचर. हसणाऱ्या बाईने मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

आमच्याकडे याला चकवा लागला म्हणतात. माणूस वाट चुकून गोल गोल फिरत राहतो. पण चकवा लागतो तो अंधारात, रानात, एकट्या माणसाला. भर दुपारी डांबरी रस्त्यावर डिझेलच्या जीपला चकवा लागलेला तुम्ही ऐकलाय?

त्या दोघी म्हणाल्या, पोरीला उतरवा, आम्हाला नेऊन सोडा. मला राग आला, पण उतरले. दहा मिनिटांत इक्बालभाईंचा फोन. "पोरी, मी नाक्यावर पोचलो गो. रस्ता तर नीट हाय."

मी बॅग पाठीला लावली आणि पळत सुटले. माझ्या पायांवर माझा भरवसा आहे. मोरी ओलांडली, वळणावर रस्त्याकडे बघायचंच नाही ठरवलं, नुसता उजवा हात कठड्याला, मग दरडीला घासत गेले. दरड संपली आणि हाताला आमच्या मैदानाचा दगडी बांध लागला. तेव्हा मात्र मी मटकन खाली बसले आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. साडेबारा वाजले होते. मंडे, आठ बजे. माझ्या जागी उभी राहणारी दुसरी मुलगीसुद्धा मला डोळ्यासमोर दिसायला लागली. तीही डावा कोपराच खेळते, आणि चांगली खेळते.

नाना शेजारी येऊन बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "चल, डाव पुरा करू. आपला पॉइंट आला की तू उठशील."

कबड्डी न खेळणाऱ्यांसाठी सांगते. आपल्या संघाला पॉइंट मिळाला की बाहेर बसलेली एक खेळाडू उठून परत आत येते. जी आधी बाद झाली ती आधी उठते. वशिला नाही.

पोरी घाबरल्या होत्या, पण उभ्या राहिल्या. दोन-तीन चढायांत आमचा पॉइंट आला. नानांनी मला हाताला धरून आत घेतलं, 'ऊठ' म्हणाले. तोवर इक्बालभाई जीप घेऊन परत आले होते, बिचारे. बसलो. मोरी, वळण…

मैदान.

इक्बालभाईंनी इंजिन बंद केलं आणि नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी खाली उतरले. आई पदराला डोळे पुसत होती. नाना माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "वैशाली, तुझ्याआधी कोण बाद बसलेली? आठव."

"कोणी नाही. मी पहिलीच."

"आजचा नाय विचारीत."

आणि मला एकदम आठवलं. खरं सांगायचं तर विसरले कधीच नव्हते, फक्त त्याला किंमत दिली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी याच खाचरात मॅच चालू होती. मी कॅप्टन. नाना तापाने घरी झोपले होते. जिल्ह्याच्या निवडीसाठी आलेले सर मोटरसायकलवरून उतरले, म्हणाले, "चल, आत्ताच ट्रायलला नेतो, एकीचीच जागा आहे." मी तशीच मातीच्या अंगाने मागे बसून गेले. कॅप्टनच गेली म्हटल्यावर डाव तिथेच मोडला, उठवणीही झाली नाही. तेव्हा आमच्या संघातली एकच मुलगी बाद होऊन बाहेर बसलेली होती.

शारदा. माझी जिवाभावाची मैत्रीण. चढाईला माझ्यापेक्षा दसपट भारी.

ती तिथेच होती. सगळ्यांसाठी कोकम सरबताची कळशी घेऊन बांधावर उभी. शारदाने वाडीतच लग्न केलं, मुलगा झाला, बाळंतपणही घरातच. पोलीस भरतीला बोलावणं आलं होतं, गेली नाही. मुंबईला कंपनीच्या टीमने विचारलं, गेली नाही. 'शारदीला गाडी लागते', 'शारदी भित्री', हे वाडीत सगळ्यांना पाठ. मीसुद्धा कॅम्पमध्ये मुलींना सांगायचे, आमच्या गावात एक होती, टॅलेंट फुकट घालवलं बघा.

मी तिच्याकडे बघितलं आणि तिने मान खाली घातली.

"मोरीपुढचा रस्ता मला कधी गावलाच नाय वैशे," ती म्हणाली. "नऊ वर्षां. गाडीत बसला तरी इथंच, चालत गेला तरी इथंच."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"कोणाला सांगू? लोकांनी देवरशाकडे नेला असता. गाडी लागते बोलले की कोणी पुढं विचारीत नाय. आणि तुला सांगणार तर तुझा फोटो पेपरात आलेला."

त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी दीड तासात रडकुंडीला आले होते.

नाना उठले. कपाळाला माती लावली. "तू मघाशी रांगेत मधीच घुसलीस, म्हणून तुझा उठणा लागला नाय. दोघी बाहेर बसा. पयली शारदा, मग तू. आणि समोरच्या पोरींनो, मुद्दाम सोडायचा नाय हां. खोटा पॉइंट मला चालत नाय."

आम्ही दोघी शेजारी शेजारी रेषेबाहेर बसलो. एक वाजून गेला. आमच्या पोरींची एक चढाई रिकामी गेली, दुसरी रिकामी गेली. मी घड्याळ बघत होते, शारदा पायाची नखं. शेवटी समोरची एक चढाईला आली आणि आमच्या पोरींनी तिला घोट्याला धरून आडवी पाडली. पॉइंट!

नानांनी शारदाचा हात धरला. "ऊठ गो."

ती उठली, आत गेली आणि उभी राहिली. मैदानाकडे नाही, रस्त्याकडे बघत. आणि मला कळलं की आता ही मोकळी आहे. आत्ता चालू लागली तर मोरी, वळण, शाळा, पोलादपूर, पाहिजे तिथे जाईल. मी तिला टाकून गेले होते तशी तीही मला टाकून गेली, तर कुठल्या तोंडाने अडवणार होते मी तिला? मला भीती वाटत होती. इतकी भीती मला फायनलमध्येही कधी वाटली नाही.

शारदाने साडीचा काचा मारला.

"चढाई माझी," ती म्हणाली.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी… नऊ वर्षांनी तिचा दम मी ऐकला. पहिल्यांदा आवाज फाटला, मग लागला. समोरच्या पोरी वयाने निम्म्या, चपळ. कोपऱ्यातलीने तिचा पाय धरला, दुसरी कमरेला लटकली. दोघींना फरपटत ती मध्यरेषेकडे सरकत होती, तोंडाने पुटपुट चालूच, चेहरा लाल झालेला. मी बाहेरून बोंबलत होते, "हात टाक शारदे! हात टाक!" तिने अंग झोकून दिलं. बोटं रेषेपलीकडे पडली.

नानांनी मला उठवलं, पण हात धरला तो शारदाने. सगळ्या मिळून रेषेबाहेर पडलो.

"बस जीपमध्ये," मी तिला म्हटलं. तिने सासूकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि हातपाय न धुता बसली. इक्बालभाईंनी बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवली. मोरीवर आलो तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की चार दिवस वळ होते. वळण आलं. आम्ही दोघींनी डोळे मिटले.

"उघडा गो पोरींनो," इक्बालभाई म्हणाले.

शाळा होती. शारदा बराच वेळ मागे वळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पिवळा रंग कधी दिला गो हिला?"

शाळेला पिवळा रंग देऊन सात वर्षं झाली आहेत.

सोमवारी मी आठला दहा मिनिटं असताना ग्राउंडवर होते. बारा नावांची यादी अजून लागलेली नाही, सराव चालू आहे. लोकांनी मला बरीच कारणं सांगितली. ऊन लागलं असेल, डिहायड्रेशन, टेन्शन. असेलही. पण इक्बालभाईंना कसलं टेन्शन? त्यांना स्पर्धेचं नावसुद्धा धड घेता येत नाही. आणि शारदाची नऊ वर्षं कुठल्या उन्हात बसवायची? नानांना विचारलं तर म्हणतात, मला काय ठाऊक, माझ्या बापाने सांगितला ते मी करतो.  कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा.

शारदा त्या दिवशी पोलादपूरला उतरली आणि संध्याकाळपर्यंत नुसती बाजारात फिरली. काही घेतलं नाही. आता महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागलीय, रोज सकाळच्या गाडीला जाते. खेळायचं वय गेलं म्हणते. मला तिची माफी मागायची आहे. रोज रात्री फोन लावते, ती "बोल गो" म्हणते, आणि मी तिला सरावाचं सांगत बसते.