मोरितासानचा शिक्का

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. कपाट उघडलं की एखादा अंगावर पडतोच. आमच्या वस्तीतल्या, ग्योतोकुच्या मैत्रिणी भेटल्या की "कशी आहेस?"च्याही आधी विचारतात, "काय गं, या आठवड्यात कुणाचं घर विकलंस?"

घर नाही हो, घरातलं सामान. कुणी आजी-आजोबा वारतात, मुलं लांब असतात, मग टोकियोतली आमची छोटी कंपनी त्या घरातलं सगळं लिलावाला काढते. चमच्यापासून कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूची यादी करायला मी आणि डोंबिवलीच्या समीरने एआयचं ॲप बनवलंय. तुम्ही फोटो काढा. नाव, वय, अवस्था ते लिहितं. मला अजूनही बघताना अंगावर काटा येतो, खरंच सांगते.

अडचण एकच, मोरितासान. चाळीस वर्षं हाताने याद्या केलेला माणूस. त्यांचा शिक्का उमटल्याशिवाय कुठलीच यादी लिलावाला जात नाही. आमची यादी ते लाल पेन्सिलने भरून परत करायचे आणि स्वतः नवी लिहायचे. शेवटी बॉसने सांगितलं, मार्चअखेर एका तरी यादीवर शिक्का आणा, नाहीतर प्रोजेक्ट बंद. म्हणजे माझा कॉन्ट्रॅक्टही बंद आणि आम्ही परत पुण्याला. इकडे लेक एप्रिलमध्ये इथल्या शाळेत पहिलीत जाणार, म्हणून नवं दप्तर पाठीला लावून घरभर फिरत होती.

*

पहिल्याच यादीत आमची शोभा झाली. ॲपला शिकवायला फोटो कुठून आणणार? आम्ही दोघांनी आपापल्या स्वयंपाकघरातले दिले. झालं. एका वारलेल्या आजींच्या घरात शेवया पाडतात तसला एक लाकडी साचा निघाला आणि ॲपने लिहिलं, "चकलीचा सोऱ्या. दिवाळीत वापरतात."

मोरितासाननी दोनदा वाचलं. "या आजी भारतात राहायच्या का?"

समीर म्हणाला, "नाही, आम्ही राहायचो."

*

पुढच्या घरी समीरने स्वतःचा जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि विसरला. ॲपने तोही टिपला. "तीन पुडांचा स्टीलचा डबा. परदेशी. दुर्मिळ."

वारलेल्या आजोबांचा मुलगा यादी बघायला आला. त्या ओळीपाशी त्याचे डोळे भरून आले. "बाबांनी हा कधी दाखवलाच नाही. हा विकू नका, मी ठेवतो." कुणी काही बोलायच्या आत त्याने झाकण उघडलं. आत मेथीची भाजी.

मोरितासान वाकून बघत म्हणाले, "ताजी दिसते."

मुलगा हसत सुटला. मग आम्ही चौघांनी ती भाजी-पोळी वाटून खाल्ली. मोरितासाननी पोळी मागून घेतली, शिक्का मात्र दिला नाही.

*

टॉवेलचं तर विचारू नका. इथे लग्न असो, मयत असो, भेट म्हणून खोक्यात घातलेला टॉवेल येतो आणि तसाच कपाटात जातो. एका घरात ॲपने एक्केचाळीस न वापरलेले मोजले. मी मोरितासानना म्हटलं, "आमच्याकडे ब्लाउजपीसांचं असंच असतं. हळदीकुंकवाला दिलेला फिरून आपल्याच घरी येतो."

ते म्हणाले, "टॉवेलही येतो. यातला खालचा मी दिलेला आहे, पण दुसऱ्याच घरी."

*

टेस्टिंग म्हणून मी ॲप घरी चालवलं, हा माझा मूर्खपणा. जे विकलं जाणार नाही ते कुठल्या कचऱ्यात, कुठल्या वारी टाकायचं हेही ते सांगतं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांनी श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन रांगेत लावले होते. ॲप म्हणालं, "प्लास्टिक कचरा. गुरुवार."

सासूबाईंनी चष्मा काढला. "गुरुवारी मी घराबाहेर पडणार नाही. बघते कोण नेतंय ते."

नाही पडल्या.

*

मार्चचा शेवटचा आठवडा. त्सुकुबाजवळ एका निवृत्त प्राध्यापकांचं घर, आमची शेवटची यादी. मी काठीला कॅमेरा लावून खोलीन्‌खोली फिरवली. मोरितासान बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात, चटईवर गुडघे दुमडून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या आजूबाजूचं सामान टिपून मी पुढे गेले.

तीनशे बारा वस्तू झाल्या. मोरितासाननी चष्मा लावला, पेन्सिल उचलली आणि एकेक ओळ वाचायला घेतली. पहिलं पान कोरं, एकही लाल खूण नाही. दुसरं कोरं. पाचवं, सहावं, सातवंही कोरं! समीरने माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याला म्हटलं, "अरे, श्वास घे."

आठव्या पानावर पेन्सिल थांबली.

मी वाकून वाचलं. "क्रमांक २८७. बसलेल्या वृद्धाची लाकडी मूर्ती. शोवा काळातली, म्हणजे किमान पस्तीस वर्षं जुनी. अवस्था उत्तम."

शेजारी फोटो होता. मोरितासानचा.

संपलं, आता पुण्याची तिकिटं काढायची. समीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मोरितासाननी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला. 'अवस्था उत्तम' या शब्दांवर लाल रेघ मारली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "गुडघे कामातून गेलेले." मग खिशातून शिक्का काढला आणि शेवटच्या पानावर उमटवला.