एका कॅरीबॅगपायी दोन फेटे

माझं लग्न कॅरीबॅगवरून मोडायला आलं होतं. हुंडा नाही, पत्रिका नाही, कॅरीबॅग!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होतो. साखरपुडा झालेला. मुलगी कराडजवळच्या मलकापूरची, नाव वनिता. साखरपुड्यात तिनं मान वर केली नाही आणि मला आईनं नीट बसायची तंबी दिली होती, त्यामुळे नजरानजर व्हायचा प्रश्नच आला नाही. (तिच्या पायाची बोटं मात्र मला तोंडपाठ होती.) तेव्हापासून एकच हुरहुर लागली. ही पोरगी मनापासून तयार आहे, की घरच्यांनी उभी केली म्हणून उभी राहिली? एकदा, फक्त एकदा तिला विचारायचं होतं. हात मशीनवर असायचे आणि जीव मलकापुरात. फोरमननं दोनदा झापलं.

अडीच महिन्यांनी बस्ता बांधायचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं सांगलीच्या एका कापड दुकानात जमणार, नवरीच्या साड्या आम्ही घ्यायच्या, नवऱ्याचे कपडे त्यांनी. वनिताही येणार होती! मी दोनदा दाढी केली. पण गादीच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी आणि मध्ये दोन्हीकडच्या मिळून अकरा बायका. चार तासांत मला फक्त तिची वेणी दिसली.

खरेदी झाली, चहा झाला. मालक म्हणाला, "कॅरीबॅगचा रुपया वेगळा पडेल."

आमचे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. शत्रू ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

"कशाचा रुपाया?"

"पिशवीचा. नवीन नियम केलाय."

"पिशवीवर नाव कुनाचं हाय?"

"आमच्या दुकानाचं."

"म्हंजी तुमची जाहिरात आमी कुपवाडपातुर मिरवायची, आन वर तुमालाच रुपाया द्यायचा? उलट तुमीच आमाला द्या!"

वनिताचे वडील तात्या म्हणजे भला माणूस. ते खिशात हात घालत म्हणाले, "जाऊ द्या पाव्हणं, दोनी पिशव्यांचं मी देतो."

इथंच घात झाला.

"वरपक्षाच्या पिशवीचं पैसं तुमी देनार? आमी काय भिकंला लागलोय?"

"आवं, तसं न्हाई. साधा रुपाया तर हाय."

"साधा हाय तर ठिवा की खिशात!"

"ठिवला!" आता तात्याही पेटले. "मी बी पिशवी घेनार न्हाई, जावा!"

आबांनी डोक्यावरचा फेटा सोडला, गादीवर पसरला, घड्या घातल्या आणि त्यात साड्या घालून करकचून गाठोडं बांधलं. तात्या मागं राहतात होय? त्यांनीही फेटा सोडला! फेटे साखरपुड्यातलेच, दोन्ही एकाच ताग्यातले. दोन बोडके व्याही आपापलं गाठोडं काखेत मारून भर बाजारातून निघाले, एक रस्त्याच्या डाव्या बाजूनं आणि एक उजव्या.

एसटी स्टँडवर गाठोडी शेजारी शेजारी ठेवली गेली. कराडची गाडी लागली, एकच धावपळ उडाली आणि व्हायचं तेच झालं. घरी येऊन उघडलं, तर आत माझ्या सफारीचं कापड आणि टॉवेल-टोप्या!

आईनं कपाळाला हात लावला. "लगनाआदीच शालू नवरीच्या घरात! इपरीत झालं गं बाई!"

आबांना शालूचं काही नव्हतं. "माजा फेटा त्येंच्या घरात! त्येंनी आनून द्यावा. मी जानार न्हाई."

तात्यांचाही निरोप आला, "त्येंनी यावं." आठ दिवस कुणीच हललं नाही. भावकीतले लोक 'दुसरीकडं बघू' असं म्हणायला लागले. रात्रंदिवस ती वेणी डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी आई म्हणाली, "तूच जा." मी तोंड पाडून हो म्हणालो. (आतून नाचत होतो.)

तात्यांचं गाठोडं घेऊन मलकापुरात पोचलो. तात्या उसाला पाणी पाजायला गेले होते. सासूबाईंनी आबांचा फेटा नुकताच धुऊन वाळत घातला होता. अंगणात पाणी ठिबकत होतं. "बसा, शिरा करते," म्हणत त्या आत गेल्या आणि साड्यांचा गठ्ठा घेऊन वनिता समोर आली.

तिनं मान वर केली.

ज्या चेहऱ्यासाठी पावणेतीन महिने झुरलो, तो दोन हातांवर होता! विचारायचं वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात नजर त्या ठिबकणाऱ्या फेट्यावर गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "एखादी पिशवी हाय का?"

एवढ्या तालमीतून हे निघालं! मी स्वतःला मनात शिव्या घालत बसलो. ती आत गेली आणि घडी घातलेली एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. गादीखाली जपून ठेवलेली असावी. तिनं साड्या नीट आत घातल्या आणि पिशवी पुढं केली. मी धरली, पण ती पिशवीचे बंद सोडेना.

"रुपाया पडंल," ती म्हणाली आणि ओढणी तोंडाला लावून हसली.

जिला लग्न नको असतं, ती असं हसत नाही. मला काही विचारायची गरजच उरली नाही. मी खरंच खिशातून रुपया काढून दिला आणि तिनं तो खरंच ठेवून घेतला! आज संसाराला इतकी वर्षं झाली, तरी त्या अंगणातल्या त्या पाच मिनिटांसाठी जीव तुटतो. पुन्हा एकदा तसंच समोर बसावं आणि तिनं तसंच हसावं, असं फार वाटतं.

तो रुपया सिटी बसचा होता. सांगली स्टँडपासून कुपवाडपर्यंत आबांचा ओलसर फेटा खांद्यावर टाकून, पिशवी हलवत चालत गेलो आणि पाय दुखले नाहीत. दारात आबा उभे होते. त्यांनी आधी साड्या नाही, पिशवी बघितली.

"फुकट दिली न्हवं?"

"व्हय, आबा."

"बग! ह्येला म्हंत्यात खानदान. सोयरीक मोडायची न्हाई."

बायको घरात यायच्या आधीच तिच्यासाठी बापाशी खोटं बोलणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच!