बिशपांना लिहिलेला अर्ज

“रखवालदाराची पोर असली तरी हिचं अक्षर बघा,” अण्णा आत हॉलमध्ये वकिलांना सांगत होते.

मी बाहेर पडवीत त्यांच्या मुलांची शिकवणी घेत होते. मी दुरुस्त केलेली वही उचलून अण्णा आत गेले होते. आत सातआठ पालक जमले होते. वकील, एक बँकेतले साहेब, दोन आंब्याचे बागायतदार, त्यांच्या बायका. सगळ्यांची मुलं गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये. मीही तिथेच शिकले होते. नवा कलर टीव्ही बंद करून त्यावर क्रोशाचं कापड टाकलं होतं. म्हणजे काम गंभीर होतं.

“ये गो आत,” अण्णांनी हाक मारली. “तुझ्याकडे काम आहे.”

मी आत गेले. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर वकिलांची बॅग होती. ती कुणी उचलली नाही. अण्णांच्या बायकोने, काकूंनी, कोपऱ्यातला पाट पायाने पुढे सरकवला. मी त्यावर बसले आणि पॅड मांडीवर घेतलं.

माझे बाबा अण्णांच्या बागेत राखण करायचे. मिरजोळ्याच्या पुढे, कातळावर. बागेत आंबे पेंढ्यात पिकत घालायचा, अढ्या लावायचा एक मांगर होता, पत्र्याचा, त्याच्या कडेच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अण्णांनी शब्द टाकला म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घेतलं. तेव्हा प्रवेशाच्या वेळी आईबापांची इंग्रजीतून मुलाखत व्हायची. माझ्या वेळी अण्णा आत जाऊन बसले आणि बाबा फाटकाबाहेर उभे राहिले.

फी माफ होती, ती अण्णांसारखे देणगीदार भरायचे. पण दर वर्षी बक्षीस समारंभाला फी माफ असलेल्या मुलींची वेगळी रांग लागायची. एकेकीने स्टेजवर जायचं, आपल्या देणगीदाराला फूल द्यायचं आणि माइकसमोर म्हणायचं, “थँक यू फॉर माय एज्युकेशन, सर.” मी हे अण्णांना दहा वर्षं म्हटलं. दहावीच्या वर्षी इंग्रजीचं पहिलं बक्षीस मला मिळालं. ते घेऊन खाली उतरले आणि तशीच, कप हातात धरून, त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले. कप कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी पुढच्या मुलीने धरला.

मी फार बोलायची नाही. शाळेत सगळ्या टीचर मला गुणी म्हणायच्या. गुणी म्हणजे गप्प.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. सिस्टर नगरकडच्या, खेडेगावातल्या. आधीच्या सिस्टर मंगळूरच्या होत्या, त्यांचं इंग्रजी रेडिओवरच्या बातम्यांसारखं. या सिस्टर फाटकाशी उभ्या राहून पालकांशी मराठीत बोलायच्या. त्यांनी पहिल्याच वर्षी आभाराची रांग बंद केली. मग पालकांची मुलाखत बंद केली. जागांपेक्षा फॉर्म जास्त आले तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. यंदा त्या चिठ्ठ्यांत पहिलीसाठी माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं, नाव निघालं. कुणी शब्द टाकला नव्हता. फॉर्मवर बाबांनी स्वतः सही केली. एक एक अक्षर जोडत. मी बाजूला उभी होते.

तेव्हापासून पालकांत दोन तट पडले होते. एकांना सिस्टर हव्या होत्या, दुसऱ्यांना नको. नको असलेले अण्णांच्या हॉलमध्ये बसले होते.

“बिशपांना अर्ज करायचाय,” वकील म्हणाले. “माझं इंग्रजी कोर्टातलं. इथे कॉन्व्हेंटचं पाहिजे. आम्ही सांगतो, तू घाल इंग्रजीत.”

मग सगळे सांगू लागले. शाळेचा दर्जा घसरलाय. शिस्त राहिली नाही. सिस्टरचं इंग्रजी गावठी आहे, मुलांच्या कानावर काय पडणार. हे सगळं मराठीत चाललं होतं.

“आणि नगरकडची, म्हणजे काय ते समजून घ्या,” एक बाई म्हणाल्या. सगळ्यांनी जात समजून घेतली. “मासे मारणाऱ्या खारव्यांच्या, गड्यांच्या पोरी आमच्या मुलांच्या शेजारी आणून बसवल्यान. आमची मुलं काय शिकायची त्यांच्याकडून?”

“हळू हो,” काकू म्हणाल्या. “ती बसलीय.”

“ती?” अण्णा हसले. “ती आपल्या घरातलीच. तिला काय वाटायचंय?”

मी खाली बघून लिहीत होते.

“‘असल्या घरांतली मुलं’ याला चांगला शब्द सांग,” वकील म्हणाले. “टोचेल, पण सभ्य.”

मी विचार केला. खरंच केला. दोन शब्द सुचले, त्यातला जास्त सभ्य निवडला. “अनसूटेबल बॅकग्राउंड,” मी म्हटलं.

“वा,” वकील म्हणाले. “हे पाहिजे होतं.”

मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. माझ्याच घराला बाहेर काढणारा शब्द मी शोधून दिला, त्याबद्दल मला शाबासकी मिळाली, आणि एक क्षण मला बरं वाटलं.

अर्जात शेवटची मागणी अशी होती. सिस्टरांची बदली करावी आणि यंदाचे पहिलीचे प्रवेश रद्द करून पालकांच्या मुलाखतींनंतर पुन्हा द्यावेत. तीही मी लिहिली. वैशूचं नाव त्यात कुठेच नव्हतं. नाव लागतच नव्हतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. मला कुणी विचारलं नाही. मी कुणाची पालक नव्हते.

घरी आले तेव्हा वैशूचे ओले बूट चुलीशेजारी वाळत होते. बाबांनी विचारलं, “कसलं काम होतं गो?”

“अर्ज लिहायचा होता.”

“नीट लिहिलंस ना?”

“नीटच लिहिलाय. वैशूला शाळेतून काढा म्हणून.”

बाबांनी वैशूचे बूट उलटे करून ठेवले. मग म्हणाले, “अण्णांना सांगून बघू.”

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. पत्रे गळतात, अण्णांना सांगून बघू. आईला मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचंय, अण्णांना सांगून बघू. त्या दिवशी राग नाही आला. थकवा आला. खूप लांबून चालत आल्यावर येतो तसा.

पुढच्या आठवड्यात बाजारात सिस्टरांच्या बाजूचे एक पालक भेटले, पोस्टातले क्लार्क. “अर्जावर शनिवारी शाळेत सभा आहे, बाबांना घेऊन ये,” म्हणाले. “आम्ही तुमच्यासारख्यांसाठीच तर भांडतोय. बोलायचं काही नाही. मागे बसा, दिसलात म्हणजे पुरे.” आमच्या बाजूने भांडणाऱ्यांनाही आम्ही फक्त दिसायला हवे होतो.

बिशपांनी एका फादरना पाठवलं. शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पुढे खुर्च्या, मागे बाक. खुर्च्या मांडायला अण्णांनी बाबांनाच बोलावलं होतं. मांडून झाल्यावर बाबा बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ.

फादरनी अर्ज मोठ्याने वाचला. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून फार भारदस्त वाटत होती. वाचून झाल्यावर ते मराठीत म्हणाले, “अर्ज उत्तम लिहिला आहे. पालक सुशिक्षित आहेत, हे दिसतं.”

“आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला, फादर,” अण्णा म्हणाले.

फादर सिस्टरांकडे वळले. सिस्टर उभ्या राहिल्या. “पहिलीतली मुलं आहेत,” त्या म्हणाल्या. “दोन महिने झाले. दोन महिन्यांत त्यांनी कुणाचं काय बिघडवलं, ते मला सांगा.”

“इंग्रजीत बोला सिस्टर,” वकील बसल्या जागेवरून म्हणाले. “निदान इथे तरी.”

पुढच्या रांगा हसल्या. मागच्या बाकांवरचेही काही हसले, हसायचं असतं असं वाटून. सिस्टरांनी तोंड उघडलं. इंग्रजी वाक्य जुळवायला लागल्या, मध्येच अडल्या, पुन्हा सुरू केलं. मी ते बघत होते. बाबा फॉर्मवर सही करताना असेच अडले होते.

मी पुढे निघाले. बाबांनी माझी बाही धरली. “बाय, नको. मांगर त्यांचा आहे.”

ते मला माहीत होतं. त्यांचा हात मी हळूच सोडवला. बाबांचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

मधल्या वाटेने पुढे जायला फार वेळ लागला. अण्णांना वाटलं मी कसला तरी निरोप घेऊन आले. “काय गो?” त्यांनी हळूच विचारलं. मी त्यांच्या पुढून गेले. फादरांच्या टेबलापाशी उभी राहिले. इंग्रजीत बोलले असते तर एकाही शब्दाला अडखळले नसते. पण दाराशी उभ्या असलेल्या बाबांना कळायला हवं होतं. मी मराठीत बोलले.

“फादर, हा अर्ज यांनी लिहिलेला नाही. मी लिहिलाय. यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजी केलं. ज्या घरांतली मुलं नकोत म्हणून यात लिहिलंय, त्यातल्याच एका घरातली मी. दाराशी उभे आहेत ते माझे बाबा. माझी बहीण इथे पहिलीत आहे. ती सोमवारी येणार आणि आपल्या बाकावर बसणार. माझे बाबा कुणालाही मुलाखत देणार नाहीत. तिला उठवायचं असेल तर ज्यांच्या यावर सह्या आहेत, त्यांनी स्वतः वर्गात यावं आणि तिचा हात धरून उठवावं. मी वर्गाच्या दारात उभी असेन.”