हळदीच्या लुगड्यावरचा चुना

महाराजांच्या राज्यात जव्हारच्या बाजारात कापड रंगवायचं तर लोक माझ्या बापाकडेच यायचे. कापडावर त्याचा हात फार हलका. आईवर मात्र तोच हात जड पडायचा. रंगाचं भांडं ढवळायच्या दांडक्यानेच तो तिला मारायचा, आणि मग दांडकं धुऊन पुन्हा भांड्यात घालायचा. मला त्याचा राग तेव्हाही यायचा, आजही येतो.

एका सकाळी मोखाड्याकडच्या एका नवरीचं लुगडं हळदीत रंगवून आईने दोरीवर टाकलं होतं. ते उन्हात जरा जास्त राहिलं आणि एका बाजूने फिकं पडलं. बापाने दांडकं घातलं. आईच्या कपाळाला खोक पडली आणि रक्ताचे सात-आठ थेंब त्या पिवळ्यावर उडाले. नवरीची माणसं दुपारी यायची होती. आई कपाळ धरून खाली बसली, बाप लुगडं धरून उभा राहिला. त्याला घाम फुटला होता तो लुगड्यासाठी.

"चुना आण!" तो माझ्यावर ओरडला.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या घरात पोराबाळांनाही ठाऊक. त्याने चुन्याच्या पाण्यात बोटं बुडवून लुगडंभर शिंतोडे उडवले. पिवळ्यावर लाल ठिपकेच ठिपके उठले आणि आईचं रक्त त्यांत हरवून गेलं. असलं लुगडं कोणी पाहिलं नव्हतं. नवरीची आत्या तर हरखूनच गेली. "नवा रंग काढलाय," बाप छाती काढून म्हणाला. कपाळाला चिंधी बांधून आई मागे भांडी घासत होती.

पावसाळ्यानंतर ती आत्या तेच लुगडं घेऊन परत आली. चुन्याची लाली दोन धुण्यांत गेली होती. राहिले होते ते सात-आठ तपकिरी डाग. ही भांडायला आली असं वाटून बाप गोड बोलू लागला, पण तिने एका डागावर अंगठा ठेवला.

"बाकीचा धुवून गेला. योच रंग पक्का हाय. दुसरा लुगडा आख्खा या रंगात दे."

बापाने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ते माझ्या आईचं रगात हाय."

चारचौघांत लाज गेली की मार थांबेल, असं मला वाटलं होतं. आत्याने आईच्या कपाळावरचा व्रण पाहिला, लुगडं तिथेच टाकलं, बापाच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. मार काही थांबला नाही. बापाने फक्त रीत बदलली. आधी मला सांगायचा, "कापडं काढ." मी दोरीवरची कापडं आत नेली की दांडकं उठायचं.

ओली कापडं काढून एकावर एक ठेवली तर एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, म्हणून मग मी दोरी रिकामीच राहू देईना. गिऱ्हाइकाचं काम नसलं की जुनी धोतरं, चिंध्या, हाती येईल ते रंगवून टाकायचे. निळीवर हळद, पळसाच्या फुलांच्या रंगावर हिरडा आणि गंजलेल्या खिळ्यांचं पाणी. कशाला काय शोभतं ही अक्कल मला नव्हती, अंगण ओल्या कापडांनी भरलेलं राहावं एवढीच धडपड होती. त्यातले शेवाळी, काळपट तुकडे बाजारात चक्क खपू लागले, तशी बापाला तीही कापडं जपावी लागली. पोरीला रंगांचं वेड लागलंय, असं लोक म्हणायचे.

एका दुपारी त्याचं डोकं फिरलं. "कापडं काढ."

"वली हायती," मी म्हणाले.

माझ्या मुस्कटात ठेवून देऊन तो स्वतःच काढू लागला. दांडकं भिंतीला टेकवलेलं. त्याच्या दोन्ही हातांवर ओल्या कापडांचा ढीग, सगळ्यांत वर जामसर गावच्या एका नवरीचं हळदीचं लुगडं, आणि पायाखाली चिखल.

आईने दांडकं उचललं. पहिला तडाखा पाठीत, दुसरा तोंडावर. बाप गुरासारखा ओरडत होता, पण हात काही मोकळे करीना, कापड चिखलात पडलं असतं ना! ती दमेपर्यंत मारत राहिली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

त्याच्या नाकातलं रक्त पिवळ्या लुगड्यावर टपकलं. आईने ते लुगडं त्याच्या हातांवरून अलगद उचललं, उजेडाला धरून पाहिलं आणि मला म्हणाली, "पोरी, चुना आण."