लाल मातीतलं इरोडचं इंजिन

नंदुरबारला मी निसर्ग बघायला गेले नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे तोरणमाळचं धुकं शोधत इथवर आलेल्यांना वेळेत परत फिरता येईल. मी गेले होते एका माणसाला खोटं पाडायला.

नव्या वाचकांसाठी थोडं. मालगाडीच्या प्रत्येक इंजिनाला घर असतं, त्याला शेड म्हणतात, आणि त्या शेडचं नाव इंजिनाच्या अंगावर रंगवलेलं असतं. आसनसोल, काझीपेट, तुघलकाबाद. इंजिन देशभर हिंडतं, मोठ्या दुरुस्तीला मात्र आपल्या घरीच जातं. घरापासून दीड हजार किलोमीटरवर एखादं इंजिन निमूटपणे कोळसा ओढताना दिसलं की आमच्यासारख्यांना भरून येतं. आमच्या घरी याला 'ताईचं खूळ' म्हणतात. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते आणि 'परमुलखातली इंजिनं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवते. ग्रुपचा पहिला नियम मीच केलेला आहे: फोटोवर विश्वास ठेवण्याआधी रुळाशेजारच्या विजेच्या खांबावरचा आकडा वाचा. त्यावरून जागा नेमकी कळते. लोक काय वाट्टेल ते फोटो टाकतात आणि काय वाट्टेल ते गाव लिहितात.

तर महिन्याभरापूर्वी रमणभाई नावाच्या नव्या सभासदाने फोटो टाकला. इंजिनावर स्वच्छ नाव, इरोड. म्हणजे थेट तामिळनाडू. खाली लिहिलेलं, 'नंदुरबार, आज सकाळी.' हे इरोडचं इंजिन महाराष्ट्रात गाठायला मी सहा वर्षं रानोमाळ फिरतेय, आणि हा गृहस्थ पहिल्याच आठवड्यात दाखवतोय! फोटोत इंजिनाच्या अलीकडे कुंपणापर्यंत लालभडक जमीन होती. माझं काम सोपं झालं. मी लिहिलं, 'खानदेशातली जमीन काळी असते. ही लाल माती इरोडकडची आहे. इंजिनाच्या घरी काढलेला फोटो नंदुरबारच्या नावावर खपवू नये.' खाली हसण्याची रांग लागली. मी रमणभाईंना ग्रुपमधून काढून टाकलं आणि शांत झोपले.

दोन दिवसांनी त्यांचा मला एकटीला निरोप आला. 'ताई, एकदाव ईसन दखा.' एकदा येऊन बघा. बस, एवढंच.

बघतेच, म्हटलं. त्याच जागी उभी राहते, काळ्या मातीचा फोटो काढते आणि ग्रुपवर लावते. तीन दिवसांची रजा टाकली.

नाशिकहून एसटी पकडली. धुळ्यापर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे कमरेची परीक्षा. उशी न्या, लाजू नका. नेमका सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा मोसम होता, हे मी ठरवताना पाहिलंच नव्हतं. शेजारच्या सीटवर बाजाराचे व्हिडिओ काढायला निघालेला एक तरुण होता, त्याच्याकडे तीन बॅटऱ्या, दोन सेल्फीच्या काठ्या आणि घोड्यांविषयी शून्य माहिती. घोडा जवळून कधी पाहिलाय का, असं विचारलं तर म्हणाला, "लग्नात पाहिलाय ना." या बाजारामुळे नंदुरबारातली सगळी लॉजं भरलेली. हजार रुपयांत जी खोली मिळाली तिच्या खिडकीतून दुसऱ्या खोलीची खिडकी दिसत होती.

बसस्टँडवर भेटलेले रिक्षावाले चाचा मला तिन्ही दिवस पुरले. पांढरी दाढी, जाळीची टोपी, गळ्यात मोठा रुमाल. त्यांचा पहिला प्रश्न, "घोडास्ना बाजारले जावानं शे का?"

"नाही. मालगाडीची इंजिनं बघायचीत."

चाचांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "इंजिननं काय दखानं ताई? ते तं रोज येस."

पहिला दिवस स्टेशनवर काढला. प्लॅटफॉर्म तिकीट घ्या आणि बाकावर बसा, रुळांत उतरायचा शहाणपणा करू नका. सुरतेकडे भरलेला कोळसा, तिकडून रिकामे डबे आणि कंटेनर, असा अखंड ओघ चालू असतो. दुपारपर्यंत मला आसनसोल मिळालं, अजनी मिळालं, दोनदा वडोदरा मिळालं. चहाबद्दल लिहिणार नाही, कारण तो चहा होता याची मला खात्री नाही. बाहेरची शेवभाजी आणि दादर ज्वारीची भाकरी मात्र मागून खा. इरोड आलं नाही. येणारच नव्हतं, मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने नवापूर. इथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि त्यामुळे अख्खं सेल्फीवाल्यांच्या ताब्यात. हद्द जिथून जाते तिथल्या बाकावर एक जोडपं अर्धा तास बसलं होतं. "तू गुजरातमध्ये सरक ना," ती म्हणत होती, "माझा खांदा कापला जातोय." त्यांच्या मागून काझीपेटचं इंजिन अठ्ठावन्न वाघिणी ओढत गेलं, एकानेही मान वळवली नाही. मी खमण खाल्लं, चार फोटो काढले आणि तिथूनच रमणभाईंना फोन लावला. म्हटलं, उद्या जागा दाखवा.

"या ना," ते म्हणाले. "सकायले या. फाटकना जोडे पथारी शे, तठेच मी ऱ्हास."

पथारी म्हणजे बसायची सतरंजी असेल, असं मी समजले. माणूस रुळाशेजारी सतरंजी टाकून बसतो म्हणजे काम ना धंदा, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचांची रिक्षा शहराबाहेर पडली. फाटकाच्या थोडं आधी चाचांनी गळ्यातला रुमाल नाकावर ओढून मागे गाठ मारली. धूळ असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पुढच्या मिनिटाला माझ्या घशात काहीतरी चावलं. मग नाकात, मग डोळ्यांत. खोकत खोकत, डोळे पुसत रिक्षातून उतरले आणि समोर पाहिलं.

लाल. रस्त्यापासून रेल्वेच्या कुंपणापर्यंत सगळी जमीन लाल. मिरची! ट्रॅक्टर भरभरून मिरची वाळत घातलेली आणि तिच्यात तोंडाला फडकी बांधलेल्या बायका दाताळ्यांनी ती उलटीपालटी करत होत्या. मिरची वाळवायच्या मैदानाला इथे पथारी म्हणतात. कुंपणापलीकडे रूळ होते. फोटोतलं कुंपण, फोटोतलाच वाकडा लिंब.

"तोंडले फडकं बांधा ना ताई," एक बाई ओरडली आणि सगळ्या हसल्या.

आता हेही सांगून टाकते. दर उन्हाळ्यात घरच्या तिखटासाठी मी नंदुरबारचीच मिरची आणते. दुकानदाराला दोनदा विचारून, खात्री करून आणते. सहा वर्षं इंजिनांच्या मागे आणि वीस वर्षं या मिरचीच्या मागे असलेल्या बाईने तिला माती म्हटलं होतं, तेही भूगोल शिकवत.

रमणभाई पोत्यांपाशी उभे होते. साठीचे, पांढरा सदरा, पायांत धुळीने भरलेल्या चपला. तापीकाठचे गुजर शेतकरी, केळी आणि मिरची करणारे. मोसमात माल घेऊन इथे येतात, वजनाला नंबर लागेपर्यंत गाड्या बघत बसतात. त्यांनी नमस्कार केला, पाणी दिलं, माझा खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली. मग खिशातून मोबाइल काढून तोच फोटो दोन बोटांनी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात खांब होता, त्यावर आकडा होता. त्यांनी समोरच्या खऱ्या खांबाकडे बोट दाखवलं. तोच आकडा.

"हाई वाचं व्हतं का तुम्ही?"

नव्हता वाचला. नियम माझा, ग्रुप माझा, आणि मी फोटो मोठा करूनसुद्धा पाहिला नव्हता.

"मी तुम्हाला चोर नव्हतं म्हटलं," मी म्हणाले. "खपवू नये, इतकंच लिहिलं होतं." खोकल्यामुळे ते आणखी केविलवाणं ऐकू आलं.

"एकच शे ते." त्यांचा आवाज चढला नाही. "मन्हा जवाई सुरतले शे. त्यानीच माले ग्रुपमा घालं व्हतं. त्याना सामने तुम्ही माले काढं. आते तो हासस. पोर घर उनी तं म्हने, बापू, तुम्ही आते फोटो नका काढू."

मला खरोखर लाज वाटली. भांडणात हरल्याची नाही, माहेरी आलेल्या त्या मुलीच्या वाक्याची. हा माणूस गाड्या बघून खूश होत होता आणि मी त्याचा हा आनंद त्याच्याच घरात हास्यास्पद करून ठेवला होता.

तिथेच पोत्यावर बसून मी ग्रुपसाठी निरोप लिहिला. मोबाइलचा कॅमेरा लाल रंग कसा भडक दाखवतो, मिरचीचा हंगाम, खानदेशातली मृदा, सगळं आलं. रमणभाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि फोन परत दिला.

"हाई वकीलनी नोटिस शे," ते म्हणाले. "चूक कोनी ते लिखा."

मी सगळं पुसलं. लिहिलं, 'रमणभाईंचा फोटो खरा आहे. ती माती नाही, मिरची आहे. खांबाचा आकडा मी वाचला नव्हता. चूक माझी.' पाठवलं. त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं. निरोप गेल्याची खूण दिसेपर्यंत ते माझ्या खांद्यावरून बघत होते.

तेवढ्यात फाटक पडलं आणि मालगाडी आली. मी कॅमेरा उचलला, पण डोळ्यांतून असं पाणी चाललं होतं की इंजिनावरचं नाव दिसेना. "कुठलं आहे?" मी ओरडले.

"भुसावळ," रमणभाई म्हणाले. "घरनंच शे."

दुपारच्या एसटीने परत निघाले. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, मिरची तेव्हाच असते. रुमाल न्या, मोठा. चाचांकडे बघत राहा, ते सगळं आधी करून दाखवतात, फक्त आपलं लक्ष नसतं. नाशिकला पोहोचून कपडे धुतले, कॅमेऱ्याची पिशवी झटकली, तरी ती उघडली की अजून शिंक येते. इरोड मला मिळालं नाही. सहा वर्षांची सात होतील.

घरी येऊन ग्रुप उघडला तर सुरतच्या जावयाने लिहिलं होतं, 'सॉरी बापू.' त्याखाली रमणभाईंचा नवा फोटो. लाल जमिनीवर एक बाई कमरेत वाकून खोकतेय, डोळे मिटलेले, तोंड उघडं, गळ्यात कॅमेरा लोंबतोय. खाली एकच ओळ होती, 'नाशिकनं इंजिन. नंदुरबारमा दखायनं.'

या वेळी नियमाप्रमाणे मी आधी खांबावरचा आकडा वाचला. फोटो खरा आहे.