थर्माकोलचा देव आणि आमचे नाना

तमाम नाट्यप्रेमी पुणेकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या नानांच्या स्कूटरवर मागे बसून वारज्याहून हिंजवडीला पोहोचलेला मी एकमेव इसम आहे. बाकीचे वाटेत उतरून रिक्षाने गेले. देऊळ दिसले की नाना दोन्ही हात सोडून नमस्कार करीत. रस्त्यात देवळे किती आहेत हे मला त्या दिवशी कळले. नाना एकेका देवाला हात जोडत होते आणि मी मागून त्याच देवांचा धावा करत होतो.

नाना आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब बघत. आधीचा कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत इथे आले, पोरासोरांत एकटेच पांढऱ्या केसांचे. पोरे उठता-बसता 'आईशप्पथ' म्हणत. नाना खुर्ची फिरवून दरडावत, "सुटली म्हण आधी! आई घरी एकटी असते ना तुझी?" 'सुटली' ऐकल्याशिवाय बिलावर सही नाही. आज नाना नाहीत, पण 'आईशप्पथ' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

अशा माणसाला आमच्या दिग्दर्शिकेने, सोनलने, कंपन्यांच्या नाट्यस्पर्धेत पुजारी केले. हा पुजारी देवाचा सोन्याचा हार चोरतो, आळ देवळातल्या ढोलवाल्यावर येतो. पहिल्या अंकाच्या शेवटी पुजारी देवावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. पुढचा अंकभर ढोलवाला तुरुंगात आणि पुजाऱ्याला मन खातेय. तालमीत देवाच्या जागी पाण्याची रिकामी बाटली असे. तिच्यावर हात ठेवून नाना इतक्या सफाईने खोटे बोलत, की अंगावर काटा यायचा.

प्रयोगाच्या दिवशी नटराजाची मूर्ती ऑफिसातच राहिली. पूजेशिवाय पडदा कसा उघडायचा? नानांनी नाटकातला थर्माकोलचा देव पुढे ओढला, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आरतीसुद्धा म्हटली. खोबरे वाटता वाटता त्यांचा हात थांबला.

"सोनल, हा आता देव झाला गं."

"नाना, थर्माकोल आहे तो!"

"मघाशी होता. आता पूजा झाली. सुनेचे दिवस भरलेत माझ्या. ह्याच्यावर हात ठेवून खोटं कसं बोलू?"

"मनातल्या मनात 'सुटली' म्हणा ना लगेच!"

"ती सवलत पोरांना. माझं वय बघ."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

गावचा पाटील मीच, त्यामुळे शपथ घ्यायला लावणाराही मीच. तो प्रसंग जवळ आला तशी घामाने माझी मिशी सुटायला लागली. "घ्या शपथ," मी म्हणालो. नानांनी हात पुढे केला. विंगेतून सोनल 'ठेवा, ठेवा' अशा खुणा करत होती. देवापासून बोटभर अंतरावर हात थबकला. मी वाक्य पुन्हा म्हटले. नानांचे डोळे भरून आले. त्यांनी हात मागे घेतला, दोन्ही हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "पाटील, हार मी घेतलाय. ह्याला सोडा."

टाळ्या थांबेनात. परीक्षकही वाजवत होते. फक्त बेड्यांसाठी हात पुढे करून उभा असलेला ढोलवाला, म्हणजे आमच्या टेस्टिंगचा अमोल, माझ्याकडे बघे, नानांकडे बघे. शेवटी न राहवून तो भर रंगमंचावर मोठ्याने बोलून गेला,

"अहो नाना, मग दुसऱ्या अंकात मी काय करू?"